कोंडवाड्यातली बैठक

आमच्या इतिहास मंडळाला छप्पर मिळालं
ते कोंडवाड्याचं.
ग्रामपंचायत म्हणाली, गुरं आता कोंडत नाही कोणी,
तुम्ही कोंडा काय कोंडायचं ते.

दर मंगळवारी, बाजार उठल्यावर,
सात जण. कधी चार.
डोमाजी लांजेवार अध्यक्ष, कारण खुर्ची त्यांची.
रहेमानभाई घरून बल्ब आणतात, जाताना काढून नेतात.
इतिवृत्त मी लिहितो, पेन्सिलीनं.
मंडळाचा पहिलाच ठराव तो:
शाई नको.
उद्या कोणी येईल अन् म्हणेल, असं नव्हतं.

जमा झालं ते थोडंच.
वरची तळी नसलेलं जातं, जिनिंगच्या भोंग्याचं तोंड,
उकंडा भोयरच्या धुऱ्यावरचा वीरगळ,
म्हणजे त्याचा फोटो.
दगड तो देत नाही.
"त्याच्यावर माही बायको धुणं धुते, तिले इचारा."
तिला विचारलं. म्हणाली,
"पाठीवर धुतो बाप्पा, लढाईच्या अंगानं नाही."
तेही लिहून ठेवलं.

आणि एक रजिस्टर, आड्यात सापडलेलं.
वाळवीनं सालं खाल्ली, महिने सोडले.
एका बैठकीला एक पान वाचतो.
तांबडी गाय, डावं शिंग मोडकं, दंड चार आणे.
हेला, कपाळावर चांद, दंड सहा आणे.
जनावरं इतकी नेमकी
की आजही बाजारात ओळखावीत.
माणसांच्या रकान्यात मात्र
वरच्या पुऱ्यातले बापाच्या नावासकट,
खालच्या पुऱ्यातले नुसते
खालचा. खालची बाई.

अक्षर वळणदार. माझ्या आजाचं.
झिंगराजी काकडे, कोंडवाड्याचे मुन्शी.
त्या रकान्याशी माझा आवाज उतरतो,
हे डोमाजींना कळलंय. ते काही म्हणत नाहीत.

चाळिसावं पान वैशाखात आलं.
उकाड्यापायी दार उघडं.
मी वाचलं: बकरी, काळी, कानाला पांढरा ठिपका,
मालक खालची बाई, दंड आठ आणे, जमा.
दारात पुंजाबाई गेडाम उभी,
न खपलेल्या अंबाडीची पाटी कमरेवर.
"ठिपका उजव्या कानाले होता. लिव्हा."
लिहिलं.
"अन् बाई नाही. कौतिका. माही माय."
लिहिलं.
"अन् आठ आणे कुठचे आमच्यापाशी?
गुंड ठेवून घेतला त्यानं. पितळेचा.
बुडाशी चेपला होता."

गाईला चार, बकरीला आठ.
इतक्या मंगळवारांत हे कोणी पाहिलंच नव्हतं.
बल्बाभोवती किडे.
माझ्याकडे कोणी बघेना,
म्हणजे सगळेच बघत होते.

गुंड आमच्या न्हाणीत आहे.
त्या खळग्यात अंगठा बसवून
मी लहानपणी पाणी ओतायचो.

पुढच्या मंगळवारी घेऊन गेलो, चिंचेनं घासून.
वाटेत वाटलं, घासायला नको होता.
पुंजाबाईनं पालथा केला, बोट फिरवलं,
उचलून पाहिला, टरबूज उचलावं तसा.
"नेऊन काय करू? घरात नळ आला.
राहू द्या इथंच. पण चिठ्ठी लावा, नाव पुरं लिव्हा."

मी पेन्सिल काढली.
"हे शाईनं."

ठराव मोडायचा तर मतं घ्यावी लागतात.
पाच जण हजर होते. घेतली.
पेन कोणाकडेच नव्हतं.
रहेमानभाई दुकानात जाऊन
पंक्चरच्या हिशेबाचं घेऊन आले,
तेही आधी दोनदा तळहातावर गिरवावं लागलं.

मग एक्केचाळिसावं पान.
गोऱ्हा, पांढरा, शेपटीचा गोंडा काळा.
मालक

पुंजाबाईनं पाटी टेकवली
आणि भिंतीला पाठ लावून बसली.